पंधरा सेकंदांची ओळख

दातांचा डॉक्टर कुठला चांगला, हे शेजाऱ्यांना विचारता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कुणाकडे जावे, याची चर्चा लग्नाच्या पंगतीतही रंगते. मनाच्या दुखण्याबाबत मात्र ही सोय नसते. ‘तुमच्या माहितीत एखादा चांगला समुपदेशक आहे का?’ हा प्रश्न विचारणे म्हणजेच घरातली गोष्ट चारचौघांत मांडणे, असे आजही अनेकांना वाटते. त्यामुळे हा शोध बहुधा एकट्याने, रात्री उशिरा, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर घेतला जातो. पडद्यावर नावांची यादी उमटते. प्रत्येक नावाखाली पदव्या, अनुभवाची वर्षे, शुल्क आणि एक छायाचित्र असते. वीस नावे वाचून होतात. पण यांपैकी कुणासमोर आपल्याला मोकळेपणाने बोलता येईल, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा प्रकार म्हणजे थेरपिस्टची परिचय-चित्रफीत. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक यांनी कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःची आणि आपल्या कामाची थोडक्यात करून दिलेली ही ओळख असते आणि ती संकेतस्थळावरील त्यांच्या परिचयपानावर ठेवलेली असते. १९६७ साली सुरू झालेल्या ‘सायकॉलॉजी टुडे’ या अमेरिकी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर थेरपिस्टांची मोठी निर्देशिका आहे. तेथे अशा चित्रफितीसाठी अवघ्या १५ सेकंदांची मर्यादा आहे. स्वतःचे संकेतस्थळ असलेले व्यावसायिक साधारणतः मिनिट-दीड मिनिटाची चित्रफीत करतात. भारतातील महानगरांतही ऑनलाइन समुपदेशन रुळल्यापासून हा प्रकार दिसू लागला आहे.

वरवर पाहता ही जाहिरातीचीच एक तऱ्हा वाटते. परंतु तिचे महत्त्व त्यापलीकडचे आहे. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या मानसिक विकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के असल्याचे आढळले. तज्ज्ञांची टंचाई, अपुरी माहिती आणि समाजात नावे ठेवली जाण्याची भीती ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत. चित्रफितीने तज्ज्ञांची संख्या वाढत नाही. पण उंबरठ्यावर अडखळलेल्या माणसाची भीती मात्र ती कमी करू शकते. आणि नेमक्या याच कारणामुळे ती त्याची दिशाभूलही करू शकते.

आरशाकडून पडद्याकडे

थेरपिस्टने स्वतःला असे पडद्यावर आणणे ही गोष्ट मानसोपचारांच्या परंपरेत सहज बसणारी नव्हती. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ साली मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरांसाठी काही सूचना लिहिल्या. डॉक्टरने रुग्णासमोर आरशासारखे असावे, रुग्णाने दाखविलेलेच त्याला परत दाखवावे आणि स्वतःविषयी काही उघड करू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. थेरपिस्ट जितका अनोळखी, तितके रुग्णाचे मन त्याच्यावर स्पष्टपणे उमटेल, अशी त्यामागची धारणा होती.

पुढे कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचारांतून बदल घडण्यासाठी आवश्यक असणाऱ्या अटींची मांडणी केली. तीत थेरपिस्टची सहसंवेदना, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि थेरपिस्टचा स्वतःचा सच्चेपणा यांना मध्यवर्ती स्थान दिले. आरशाऐवजी माणूस समोर यावा, असा हा बदल होता. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली या नात्याचे तीन घटक सांगितले : उद्दिष्टांवर एकमत, ती गाठण्यासाठी करावयाच्या कामांवर एकमत आणि परस्परांतील बंध. उपचारातील हे सहकार्य आणि उपचाराचे फलित यांचा संबंध तपासणाऱ्या २९५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. हा संबंध मध्यम स्वरूपाचा, पण सातत्याने आढळणारा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. थेरपिस्टशी सूर जुळणे ही चैन नसून उपचारांचाच एक भाग आहे, असे यावरून म्हणता येते.

परिचय-चित्रफितीचा पूर्वज शोधायचा झाल्यास तो १९६५ सालच्या एका प्रशिक्षणपटात सापडतो. ‘थ्री ॲप्रोचेस टू सायकोथेरपी’ या चित्रपटात ग्लोरिया नावाची एकच स्त्री कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तीन नामवंतांशी आळीपाळीने बोलते. प्रत्येक संभाषणापूर्वी त्या त्या थेरपिस्टने आपली पद्धत प्रेक्षकांना थोडक्यात समजावून सांगितली आहे. रॉजर्स यांचे संथ, मऊ बोलणे, पर्ल्स यांचे हावभावांवर बोट ठेवणारे आव्हानात्मक वागणे आणि एलिस यांची झपाट्याने मुद्दे मांडण्याची शिकवणीवजा शैली यांतला फरक मानसशास्त्र न शिकलेल्या माणसालाही जाणवतो. तिघेही आपापल्या क्षेत्रातले मोठे. पण प्रत्येकाला तिघांपैकी एकच जवळचा वाटेल. पदव्यांच्या यादीतून न कळणारी ही गोष्ट पडदा सांगून जातो.

काही सेकंदांत काय कळते?

पंधरा सेकंदांत माणसाची पारख कशी होणार, अशी शंका साहजिक आहे. नलिनी अंबाडी या भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या वर्गातील प्रत्येकी एकूण ३० सेकंदांच्या, आवाज बंद केलेल्या चित्रफिती अनोळखी व्यक्तींना दाखविल्या. या व्यक्तींनी अध्यापकांविषयी नोंदविलेली मते आणि त्याच अध्यापकांना सत्राअखेरीस त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिलेले गुण यांच्यात मोठे साम्य आढळले. पुढे चित्रफितीची लांबी काही सेकंदांवर आणली, तरी हे साम्य टिकून राहिले.

अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली शल्यचिकित्सकांच्या आवाजावर असाच अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांशी झालेल्या संभाषणांतील दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेऊन त्यांतले शब्द कळणार नाहीत, केवळ स्वर ऐकू येईल, अशी व्यवस्था करण्यात आली होती. ज्यांच्या स्वरात हुकमत अधिक आणि काळजी कमी जाणवली, त्यांच्यावर पूर्वी निष्काळजीपणाचे दावे झालेले असण्याची शक्यता अधिक होती.

या अभ्यासांचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे मत काय होईल, याचा अंदाज बांधता आला. विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले, हे तेथे मोजलेले नव्हते. तेच परिचय-चित्रफितीलाही लागू पडते. या माणसाचे बोलणे आपल्याला मानवेल का, एवढे ती सांगू शकते. त्याला उपचार करता येतात का, हे ती सांगू शकत नाही. चित्रफीत करणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने, दोघांनीही ही सीमारेषा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

काय बोलावे, काय वगळावे?

सावकाश बोलताना पंधरा सेकंदांत तीस-पस्तीस शब्द बसतात. साठ सेकंदांत फार तर सव्वाशे-दीडशे. त्यामुळे पदव्या, पारितोषिके आणि कारकिर्दीचा इतिहास यांना चित्रफितीत जागा नसते. ती माहिती खाली लिहिलेली असतेच. पाहणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात : माझ्यासारख्या अडचणीची या व्यक्तीला माहिती आहे का? तिच्यासमोर बसल्यावर मला कसे वाटेल? आणि पहिल्या भेटीत नेमके काय घडते? चांगली चित्रफीत एवढ्याच प्रश्नांना उत्तर देते.

नमुन्यादाखल असा मजकूर पाहता येईल : ‘नमस्कार. नोकरीतला ताण, झोप न लागणे, सतत धास्ती वाटणे अशा अडचणींवर मी प्रौढ व्यक्तींसोबत काम करते. पहिल्या भेटीत सगळे सांगायलाच हवे, असे नाही. तुम्हाला जमेल तिथून आपण सुरुवात करू.’ यात एकही पारिभाषिक शब्द नाही. याउलट ‘मी समग्र, पुराव्याधिष्ठित आणि बहुआयामी दृष्टिकोनातून व्यक्तिमत्त्व विकासाचे कार्य करते’ हे वाक्य भारदस्त असले, तरी रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडलेल्या माणसाला त्यात आपण कुठेच दिसत नाही.

आजाराच्या नावापेक्षा अनुभवाचे वर्णन अधिक उपयोगी पडते. ‘चिंताविकृती’ म्हणण्याऐवजी ‘छातीत धडधडते, वाईटच घडेल असे वाटत राहते’ असे म्हटले, की ऐकणारा स्वतःला ओळखतो. मात्र अशी लक्षणे सांगून ‘म्हणजे तुम्हाला नैराश्य आहे’ असा निष्कर्ष काढणे गैर आहे. निदान पडद्यावरून होत नसते.

भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मुंबई-पुण्यात अनेक थेरपिस्ट इंग्रजीत चित्रफीत करतात. पण कार्यालयात अस्खलित इंग्रजी बोलणारा माणूसही आईविषयी बोलताना बहुधा मराठीवर येतो. ज्या भाषांत उपचार दिले जातात, त्या प्रत्येक भाषेत स्वतंत्र चित्रफीत असणे उत्तम. मनाविषयी मराठीत सोपे बोलता येते, याचा दाखला ठाण्यात आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवरून मानसिक आरोग्यविषयक मराठी चित्रफिती प्रसारित करते. त्यांचे स्वरूप परिचयाचे नसून लोकशिक्षणाचे आहे; परंतु साध्या मराठीचा वस्तुपाठ म्हणून त्या पाहण्याजोग्या आहेत.

संबोधन ‘तुम्ही’ हेच असावे. मुलांसोबत काम करणाऱ्यांनी आपली चित्रफीत आधी आई-वडील पाहणार आहेत, हे गृहीत धरून दोन वाक्ये पालकांसाठी आणि एक वाक्य मुलासाठी ठेवावे.

चित्रण : साधेपणाची काही तंत्रे

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. आजचा मध्यम किमतीचा मोबाइल पुरेसा असतो. पण काही पथ्ये पाळावी लागतात.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, तिवईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा. तो खाली असेल, तर बोलणारा वरून खाली पाहतो आणि नकळत अधिकारी वाटू लागतो. मोबाइल अगदी जवळ धरल्यास चेहऱ्याची ठेवण बिघडते; चार-पाच फुटांचे अंतर योग्य. पाहायचे ते भिंगाकडे, पडद्यावरील स्वतःच्या प्रतिमेकडे नव्हे. मागील बाजूचा कॅमेरा वापरला, की स्वतःचे रूप दिसत नाही आणि नजर आपोआप स्थिर राहते.

उजेड समोरून यावा. खिडकीकडे तोंड करून बसल्यास चेहरा स्वच्छ दिसतो. खिडकीला पाठ केल्यास तो काळवंडतो. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि बोलणारा थकलेला भासतो. बारीक रेघांचे कपडे पडद्यावर थरथरतात, म्हणून साधा, एकरंगी पेहराव बरा.

आवाजाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. चित्र थोडे धूसर असले तरी चालते. पण शब्द अस्पष्ट असतील, तर पाहणारा चित्रफीत लगेच बंद करतो. छताचा पंखा बंद करावा. खोलीत एकदा टाळी वाजवून पाहावी. आवाज घुमला, तर पडदे, सतरंजी, उशा यांनी तो शोषून घेता येतो. रिक्षांचे भोंगे आणि कुकरच्या शिट्ट्या टाळायच्या, तर सकाळची वेळ सोयीची. कॉलरला लावायचा छोटा माईक मिळाल्यास सर्वांत चांगले. मागे संगीत घालू नये. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना त्यामुळे शब्द पकडणे अधिकच जड जाते. बोललेला मजकूर पडद्यावर अक्षरांतही द्यावा. तो कर्णबधिरांच्या उपयोगी पडतो, आणि घरच्यांना कळू नये म्हणून आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांच्याही!

पार्श्वभूमी शक्यतो प्रत्यक्ष भेटीच्या खोलीचीच असावी. पुढे त्याच खुर्चीत बसलेली व्यक्ती दिसली, की पहिल्या भेटीचे अर्धे दडपण उतरते. टेबलावर कुणाची फाइल, भेटींची वही किंवा नावे लिहिलेला फलक दिसत नाही ना, याची दोनदा खात्री करावी. भिंतीवरच्या वस्तूही बोलत असतात. देवाच्या तसबिरीने एकाला धीर येतो, तर दुसऱ्याला आपल्याविषयी मत बनविले जाईल अशी धास्ती वाटते.

मजकूर कागदावरून वाचू नये. वाचणाऱ्याची नजर सरकताना स्पष्ट दिसते. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करावे व मधला भाग आपल्या नेहमीच्या शब्दांत बोलावा. चार-पाच वेळा चित्रण केल्यावर निवड करताना एक सोपी कसोटी लावता येते : या क्षेत्राबाहेरील एखाद्या व्यक्तीला चित्रफीत आधी आवाज बंद करून दाखवावी, नंतर चित्र झाकून फक्त आवाज ऐकवावा आणि दोन्ही वेळा काय वाटले, ते विचारावे. किंचित अडखळलेली पण सहज वाटणारी चित्रफीत ही घोटून पाठ केलेल्या निर्दोष चित्रफितीपेक्षा सरस ठरते.

कायदा आणि नीती

भारतात मनोविकारतज्ज्ञ हा आधी वैद्यकीय व्यावसायिक असतो. त्याला २००२ सालची वैद्यकीय आचारसंहिता लागू आहे. तिच्यानुसार रुग्ण मिळविण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास मनाई आहे; व्यवसाय सुरू करणे, पत्ता बदलणे अशा मोजक्या प्रसंगी औपचारिक घोषणा करण्याची मुभा आहे. २०२० सालच्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनीही जाहिरात किंवा आमिष यांद्वारे रुग्ण मिळविणे गैरवर्तन ठरविले आहे. म्हणून त्यांच्या चित्रफितीत केवळ माहिती असावी. आवाहन वा सवलत नसावी. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना ही संहिता थेट लागू नसली, तरी तिच्यामागचा विवेक त्यांनाही लागू आहेच.

‘माझ्याकडे येऊन बऱ्या झालेल्या’ व्यक्तींना कॅमेऱ्यासमोर आणण्याचा मोह सर्वांत घातक. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेनुसार मानसशास्त्रज्ञांनी उपचार घेत असलेल्या व्यक्तींकडून प्रशंसापत्रे मागू नयेत. कारण थेरपिस्टला ‘नाही’ म्हणणे अशा व्यक्तीला सोपे नसते. भारतातील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र अथवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देण्यासही हा कायदा मनाई करतो. नाव बदलून सांगितलेली हकिकतही टाळावी. कारण ज्याची हकिकत असते, तो स्वतःला ओळखतोच. आणि आपलीही हकिकत उद्या अशी सांगितली जाईल का, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो.

‘तीन भेटींत फरक’, ‘शंभर टक्के खात्री’ अशी आश्वासने अर्थातच वर्ज्य. आणखी एक जबाबदारी सहसा विसरली जाते. चित्रफीत पाहणाऱ्यांत आयुष्य संपविण्याचा विचार करणारी व्यक्तीही असू शकते. तिला दोन दिवसांनंतरची भेट पुरेशी नसते. म्हणून परिचयपानावर तातडीच्या मदतीचा क्रमांक ठळकपणे असावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे चोवीस तास, मराठीतही बोलता येते.

पाहणाऱ्याने काय करावे?

आश्वासक चेहरा आणि मृदू आवाज हे गुण पात्रतेचा पुरावा ठरत नाहीत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तर मनोविकारतज्ज्ञांची वैद्यकीय परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे. प्रामाणिक व्यावसायिक तो स्वतःहून परिचयपानावर देतो. ‘समुपदेशक’ या शब्दाबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते, कारण अल्पमुदतीचा वर्ग केलेली व्यक्तीही तो आपल्या नावापुढे लावताना दिसते. २०२१ साली संमत झालेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या राष्ट्रीय कायद्याने वर्तन-आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांना नियमनाच्या कक्षेत आणले आहे. तरीही शिक्षण कुठे झाले, कुणाच्या देखरेखीखाली काम केले आणि आपल्यासारख्या अडचणींचा अनुभव किती, हे प्रश्न प्रत्येकाने विचारावेत.

क्रम असा असावा : आधी नोंदणी आणि शिक्षण पाहून तीन-चार नावे निश्चित करावीत आणि मग त्यांच्या चित्रफिती पाहाव्यात. उलट क्रमाने गेल्यास चांगला वक्ता चांगल्या थेरपिस्टवर मात करण्याचा संभव असतो. कॅमेऱ्यासमोर अवघडणारे अनेक जण बंद खोलीत उत्तम ऐकणारे असतात, याचाही विसर पडू नये. एखाद्या व्यावसायिकाची चित्रफीत नाही, एवढ्यावरून त्याला बाद करणे अन्यायाचे होईल.

शेवटी परिचय-चित्रफितीचे काम मर्यादित आहे. ती उपचार करत नाही, पात्रता सिद्ध करत नाही आणि बरे होण्याची हमीही देत नाही. पलीकडे एक माणूस बसला आहे आणि तो ऐकून घेईल, एवढेच ती सांगते. पण अनेक महिने दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवून तो न फिरविणाऱ्या व्यक्तीला कित्येकदा एवढेच कळायचे बाकी राहिलेले असते.